तिसऱ्या रांगेतून सापडलेलं गाणं

कल्पना करा, तुम्हाला एक गाणं शोधायचं आहे. त्याचं नाव माहीत नाही. गाणाऱ्याचं नाव कोणी सांगितलेलं नाही. ते लग्नात वाजत नाही, ऑटोत वाजत नाही, कुठल्याच स्पर्धेत कोणी गात नाही. फोनवरचं ॲप उघडलं की ते तुम्हाला काल ऐकलं त्यासारखंच काहीतरी देतं. हे कसं चालतं याचं मी रीतसर शिक्षण घेतलं आहे, म्हणून सांगतो, यात ॲपचा दुष्टपणा नाही. खूप जणांनी ऐकलेलं गाणं त्याला दिसतं. कोणीच न ऐकलेलं गाणं तुमच्यापुढे आणून ठेवायला त्याच्याकडे काही कारणच नसतं. मग तुम्ही कुठून सुरुवात कराल?

नीलिमानं सुरुवात केली ती एका नाचणाऱ्या मुलीपासून. हिरोच्या मागे, तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी.

नीलिमा रायपूरच्या पंडरी बाजारात एका ठोक साडी दुकानात काम करते. नव्या मालाचे फोटो काढायचे, रंग आणि कापड लिहायचं आणि गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं, हे तिचं काम. वडील रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून निवृत्त झाले आणि घरच्यांनी क्वार्टर सोडलं. तेव्हापासून भनपुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिचं घर आहे. वडील आता नाहीत, घरात आई सत्यभामा आणि धाकटा भाऊ विकी. विकी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. आई मराठीत विचारते, विकी हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

नीलिमा फॅन आहे. हा शब्द हल्ली कोणीही वापरतं, पण तिच्या बाबतीत तो खरा आहे. एका मोठ्या हिरोचं रायपूरचं फॅन पेज ती चालवायची. पहिल्या दिवशीचा पहिला शो कधी चुकला नाही. हिरोच्या वाढदिवसाला थिएटरबाहेर केक कापताना शहरातल्या फॅन मंडळीत सगळ्यात मोठा आवाज तिचा असायचा.

असं एखादं गाणं पुन्हा पुन्हा पाहिलं की एक वेळ अशी येते की हिरो पाठ होतो. त्याची मान कधी वळणार, गॉगल कधी निघणार, सगळं आधीच कळतं. मग नजर मागे जायला लागते. नीलिमाची नजर गेली ती हिरव्या घागऱ्यातल्या त्या मुलीवर. बाकीच्या सगळ्या कॅमेऱ्याकडे पाहून हसायच्या. ही शेजारणीकडे पाहून हसायची, खरंखुरं. पुढच्या सिनेमात ती पुन्हा दिसली, त्याच्या पुढच्यातही. पडद्यावर तिचं नाव कुठेच नव्हतं. नीलिमानं तिचं नाव ठेवलं हिरवी.

फॅन माणसाला शोधायला शिकवावं लागत नाही. तिनं नृत्यदिग्दर्शकाच्या सहायकाचं पान काढलं, त्यातले तालमीचे फोटो पाहिले, फोटोंखालची नावं एकेक करून उघडली. हिरवी सापडली. तिच्या पानावर सगळ्यात वर एका सिनेमाचं चित्र होतं आणि खाली लिहिलेलं होतं, ‘माझा पहिला सिनेमा. यात मी नाचत नाही.’

तो सिनेमा एका लहानशा साइटवर होता. गोष्ट इतकीच, की दोन बहिणी वारलेल्या वडिलांची स्कूटर विकायला निघतात आणि दिवसभर गावातून फिरवूनही विकत नाहीत. नीलिमा आणि विकी पाहायला बसले.

“दीदी, इसमें कुछ होगा कब?”

“होऊन राहिलं ना.”

“क्या हो रहा है?”

“ते स्कूटर पुसून राहिली.”

“अरे तो कब तक पोंछेगी? अपनी गाड़ी भी दे दो उसको.”

विकी उठून गेला. नीलिमा बसून राहिली. तिनं नंतर मला सांगितलं की पहिला अर्धा तास तिलाही कंटाळा आला होता, पण हिरवीला सोडून जाववेना. आणि मग एका ठिकाणी मोठी बहीण, म्हणजे हिरवीच, गिऱ्हाइकाला स्कूटरचे दोष सांगायला लागली, ब्रेक नीट लागत नाही, पावसात सुरू होत नाही, आणि नीलिमाला कळलं की हिला विकायचीच नाहीये. हे सिनेमात कोणीच बोलून दाखवलं नाही. तिला ते आपणच शोधून काढल्यासारखं वाटलं. हिरोच्या सिनेमात असं काही शोधायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती.

सिनेमा संपला, नावं वर जायला लागली आणि एका गिटारवर एका बाईचा आवाज सुरू झाला.

‘क्वार्टर सुटलं वं माय, चाबी खिशातच राहिली,
कुलूप बदललं कोनी, मले कोनी नाही सांगतलं.’

नीलिमानं सिनेमा मागे नेला आणि परत ऐकलं. मले. शाळेत ‘मले पानी पाह्यजे’ म्हटल्यावर मुली हसल्या होत्या. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनीही हसून घेतलं होतं. तेव्हापासून ती घराबाहेर हिंदीच बोलायची. विनोदी माणसाच्या तोंडी हा शब्द तिनं पुष्कळदा ऐकला होता. इथे कोणी हसवत नव्हतं. गाणारी दोन ओळी म्हणायची, मग थांबायची, तेवढ्यात गिटारचे चारदोन सूर यायचे, मग पुढच्या दोन ओळी. त्या थांबण्यात नीलिमाला आपल्या जुन्या क्वार्टरचं हिरवं दार दिसलं.

नावांच्या पट्टीत होतं, ‘गीत, संगीत, आवाज : देवश्री’. शोधल्यावर कळलं की ती अमरावतीची आहे, गाणी स्वतः लिहिते, स्वतः बांधते, खोलीत बसून रेकॉर्ड करते. नीलिमानं सगळी गाणी ऐकली, प्रत्येकाखाली काहीतरी लिहिलं आणि फॅन मंडळीच्या ग्रुपवर लिंक टाकली. उत्तर आलं, “अब तू आर्ट वाली हो गई क्या?”

घरी आईला ऐकवलं. सत्यभामाबाई विहारातल्या महिला मंडळाच्या मुख्य गायिका. वंदना झाली की त्या गीत उचलतात आणि बाकीच्या बाया कोरस धरतात. त्यांनी इअरफोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं आणि काढून ठेवला.

“हे का गानं होय? गाऊन राहिली का कोनाशी बोलून राहिली?”

“दोन्ही करून राहिली, आई.”

“आवाज गोड हाये. पन बिचारी एकटीच दिसते.”

काही दिवसांनी देवश्रीनं जाहीर केलं की चाळीस माणसं बसून ऐकणार असतील तर ती कुठल्याही गावी यायला तयार आहे. नीलिमानं त्याच मिनिटाला लिहिलं, रायपूरला या. देवश्रीचं उत्तर प्रामाणिक होतं. ‘ताई, नागपूरला मोजकी माणसं आली, त्यातही अर्धी आयोजकाच्या घरची. रायपूरला मराठी कोण ऐकणार? पण येते. हा शेवटचा प्रयत्न. इथेही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर मी लोकांपुढे गाणं सोडून खोलीतच रेकॉर्ड करत राहीन.’

आता हे नीलिमावर होतं. तिनं शहरापासून लांब, ‘नवा रायपूर’मधला एक कॅफे ठरवला. तिथे छोटा मंच होता, दिवे होते, तिनं व्हिडिओंमध्ये पाहिलेल्या कार्यक्रमांसारखंच सगळं होतं. स्कूटरच्या सिनेमाच्या दिग्दर्शकानं गाण्यांच्या आधी तो दाखवायची परवानगीही दिली. पण पाऱ्यात ज्याला विचारावं त्याचा एकच प्रश्न, तिकडून परत कसं यायचं? बस मिळत नाही, आणि गाडी आहे कोणाकडे? येतो म्हणणारे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

नीलिमानं घाईघाईनं एक पोस्टर केलं. देवश्रीचा फोटो, खाली ‘देवश्री. मराठी. रविवार संध्याकाळ. मर्यादित जागा. लवकर कळवा.’ दुकानात बसूनच पाठवलं. हातात दुकानाचा फोन होता आणि बोट रोजच्या सवयीनं रोजच्याच ठिकाणी गेलं. पोस्टर छत्तीसगडभरच्या, धमतरी, जगदलपूर, रायगढपर्यंतच्या साडी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर गेलं.

उत्तरं भराभर आली. “रेट?” “देवश्री में कॉटन है क्या?” “कलर के फोटो डालो दीदी.” एकानं तर सरळ ऑर्डरच नोंदवली, “दस पीस ट्रान्सपोर्ट में डाल दो.”

शेठजी गल्ल्यावरून म्हणाले, “नीलिमा, ये देवश्री किस मिल का माल है? मैंने तो मंगाया नहीं.”

“माल नहीं है शेठजी. अमरावती की है. गाती है.”

शेठजी आधी चिडले, मग ग्रुपवरची उत्तरं वाचून इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. नीलिमानं प्रत्येकाला फोन करून माफी मागितली. धमतरीचे एक व्यापारी मात्र फोन ठेवेनात. “मराठी में गाती है? मेरी घरवाली मराठी है. यहाँ उसके लिए कुछ होता ही नहीं. किधर आना है, ये बताओ.”

किधर, हेच आता ठरलेलं नव्हतं. त्याच दिवशी कॅफेनं कळवलं की इतक्या कमी लोकांसाठी जागा अडवून ठेवता येणार नाही.

नीलिमा घरी आली तेव्हा तिचा चेहरा पाहून विकीनंही टोमणा मारला नाही. फक्त म्हणाला, “विहार का हॉल है ना, दीदी. सब पैदल आ जाएँगे.”

“तिथं हे गानं? बाबाराव काका देतीन का?”

“माँग के तो देखो.”

बाबाराव आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. रेल्वेतून निवृत्त, आवाज करडा, हिशोब चोख. विहारात काय व्हावं आणि काय होऊ नये याबद्दल त्यांची मतं ठाम. नीलिमा गेली तेव्हा ते अंगणात झाडांना पाणी घालत होते.

“गान्यात बाबासाहेब हायेत का?”

“नाही, काका.”

“बुद्ध हायेत?”

“नाही.”

“मंग हाये तरी काय?”

“क्वार्टर हाये, काका.”

बाबारावांचा पाइप तसाच जागच्या जागी राहिला आणि एका कुंडीतून पाणी वाहू लागलं. तेही नीलिमाच्या वडिलांसारखे वॅगन कारखान्यातलेच. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून याच पाऱ्यात आलेले.

“क्वार्टरचं गानं? ऐकव बरं.”

तिनं फोनवर लावलं. ते उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग नळ बंद करत म्हणाले, “रविवारी हॉल घे. पहिले वंदना होईन. महिला मंडळ समोर बसंन, त्याईची जागा ठरलेली हाये. आन खुर्च्या मांडू नको. सतरंज्या टाक. खुर्चीवरचा मानूस लवकर उठते.”

रविवारी विकीनं ऑफिसातून प्रोजेक्टर आणला. शेठजींनी पडद्यासाठी पांढऱ्या कापडाचा तागा दिला आणि वर बजावलं, “डाग नहीं चाहिए.” देवश्री दुपारच्या गाडीनं आली. बारीकशी, गिटार पाठीवर. स्टेशनवरून येताना विकीशी हिंदीत बोलायचा प्रयत्न करत होती. विकी तिला म्हणाला, “आप मराठी बोलिए, मेरे को समझता है.” नंतर ती म्हणाली की असं आपल्याला महाराष्ट्रातही कोणी म्हटलं नव्हतं.

वंदना झाली आणि सिनेमा सुरू झाला. नीलिमा भिंतीला टेकून प्रेक्षकांचे चेहरे पाहत होती. तिला भीती होती की लोक विकीसारखे उठून जातील. पण सतरंजीवर बसलेल्या बाया सिनेमा गप्प बसून पाहत नव्हत्या. त्या पडद्याशी बोलत होत्या. गिऱ्हाईक स्कूटरचा भाव पाडायला लागलं तशी एक म्हणाली, “याले नको देऊ वं, हा भंगारवाला दिसते.” धाकटी बहीण रुसली तेव्हा दुसरी म्हणाली, “समजाव तिले, लहान हाये.” आणि हिरवी जेव्हा ब्रेक लागत नाही म्हणून सांगायला लागली, तेव्हा सगळा हॉल हसला. सगळ्यांना कळलं होतं. नीलिमाला एकटीला सापडलेली गोष्ट पाऱ्यानं एका झटक्यात ओळखली.

शेवटी नावं वर जाऊ लागली. ठरल्याप्रमाणे विकीनं स्पीकर बंद केला आणि दाराजवळ उभ्या असलेल्या देवश्रीनं गिटार छेडली. लोकांनी माना वळवल्या. पडद्यातला आवाज हॉलमध्ये आला होता. ती गात गात पुढे आली आणि पडद्यासमोर बसली.

‘क्वार्टर सुटलं वं माय, चाबी खिशातच राहिली,
कुलूप बदललं कोनी, मले कोनी नाही सांगतलं.’

ती थांबली. गिटारच्या चारदोन सुरांची ती जागा आली. आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, टाळी देऊन एकसुरात म्हटलं, “मले कोनी नाही सांगतलं!”

देवश्रीचा हात थांबला. गाणंच थांबलं.

दोन ओळींनंतरच्या त्या रिकाम्या जागेसाठीच तर नीलिमा या गाण्यात अडकली होती. ती वाकून आईच्या कानाशी गेली. “आई, ते जागा रिकामी ठेवाची असते!”

सत्यभामाबाईंना हळू बोलता येत नाही. “काहून? रिकामी काहून ठेवाची? पोरगी एकटी कुठवर गाईन?”

हे सगळ्या हॉलनं ऐकलं. कोणीतरी हसलं. मागून बाबाराव म्हणाले, “सत्यभामाबाई, पाहुनी हाये ते, गाऊ द्या तिले.” नीलिमा देवश्रीकडे पाहायला धजेना. देवश्री मात्र सत्यभामाबाईंकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

“मावशी,” ती म्हणाली, “परत म्हणा ना.”

तिनं पहिल्यापासून सुरू केलं. आता दोन ओळी झाल्या की ती मुद्दाम थांबायची आणि बाया ती जागा भरून काढायच्या. कोणीतरी खंजिरी आणली. दुसऱ्या कडव्यापर्यंत पुरुषही धरायला लागले आणि बाबारावांचा करडा आवाज सगळ्यांपेक्षा अर्धी मात्रा मागून यायला लागला. धमतरीहून नवऱ्याबरोबर आलेली बाई पहिल्यांदा कोपऱ्यात बसली होती, ती सरकत सरकत मंडळाच्या बायांत जाऊन मिसळली. खिडक्यांबाहेर माणसं उभी राहिली. चाळीस केव्हाच मागे पडले होते. देवश्रीनं आपली सगळी गाणी गायली, ती संपली तेव्हा बायांनी क्वार्टरचं पुन्हा म्हणायला लावलं, आणि तोवर एकही माणूस उठला नाही. ज्या विकीनं तो सिनेमा अर्ध्यात सोडला होता, तो पडद्याची घडी करताना गुणगुणत होता, “मले कोनी नाही सांगतलं.” घरच्यांपैकी कोणीच त्याला चिडवलं नाही. मराठीत काहीतरी म्हणत होता, हेच पुष्कळ होतं.

जेवताना देवश्रीनं नीलिमाला सांगितलं, “मी त्या जागा रिकाम्या ठेवायचे, कारण तिथे काय यायला हवं ते मला कळत नव्हतं. लोकांना वाटायचं, ही माझी शैली आहे.”

सत्यभामाबाईंनी तिच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. “कोरस नाही तं गानं पुरं कसं होईन, पोरी?”

त्या रविवारनंतर देवश्रीला धमतरीचं बोलावणं आलं, मग दुर्गचं. आमच्या विहारात आता दर महिन्याला एक सिनेमा होतो आणि तो नीलिमा निवडते. बाबाराव विचारत नाहीत की त्यात काय आहे, फक्त विचारतात की शेवट चांगला आहे का. हिरोलाही तिनं सोडलेलं नाही. त्याच्या नव्या सिनेमाच्या पहिल्या शोला ती शिट्टी वाजवून आली, फक्त आता अख्खी फॅन मंडळी तिच्या शेजारी बसून मागच्या रांगेतल्या मुलींची नावं तिला विचारते. दुकानात शेठजी नव्या साडीच्या एका डिझाइनला ‘देवश्री’ म्हणू लागले आहेत आणि ती चांगली खपते.

विहारातल्या त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग देवश्रीनं घरी नेलं होतं. ते लोकांसमोर आणायच्या आधी, नावं लिहायला म्हणून, तिनं नीलिमाला फोन केला. कोरस, सत्यभामाबाई आणि महिला मंडळ, हे तिनं लिहिलं होतंच.

“आणि ताई, दुसऱ्या कडव्यानंतरची ओळ कोणाची? तिचं नाव वेगळं द्यायचं आहे.”

“कोनती ओळ?”

तिनं ऐकवली. कोरस विरतो आणि गर्दीतून एका बाईचा आवाज येतो, ना तरुण ना म्हातारा, अगदी सुरात.

‘कुलूप बदललं तं बदलू दे, उंबरा तं मले ओळखते.’

“ही तुझीच ओळ ना?” नीलिमानं विचारलं. “आम्हाला तर वाटलं, तू मंडळाला आधीच शिकवली असशील.”

“नाही. मला वाटलं, ती तुमच्याकडची जुनीच आहे.”

सत्यभामाबाई म्हणाल्या, आमच्या कोणत्याच गीतात असं नाही. मंडळातल्या एकेकीला विचारलं, धमतरीला फोन लावला, खिडकीबाहेर उभ्या असलेल्यांचाही माग काढला. ऐकवलं की जी ती म्हणते, आवाज ओळखीचा वाटते, पन माह्या नाही. देवश्रीनं गाणं अजून थांबवून ठेवलं आहे. नीलिमा रोज कामाला जाताना पाऱ्यातून चालते, नळावर, दारात, ऑटो थांबतो तिथे बायांचं बोलणं कान देऊन ऐकते, आणि कोणी जरा गुणगुणलं की थांबून विचारते, “बाई, त्या दिवशी विहारात तुम्ही होता का? ते उंबऱ्याची ओळ तुमची का?”